रेडिओवर चालणारे विजेचे लहान हेलिकॉप्टर : मोटार, वेगनियंत्रक व बॅटरी बदलताना

(ग्रामीण युवकांच्या यंत्रदुरुस्ती प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतीच्या वर्गात हे खेळण्यातले हेलिकॉप्टर कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधी देतो. जपानमध्ये भातखाचरांवर फवारणी करण्यासाठी यामाहा कंपनीचे आर-५० हे वैमानिकाविना उडणारे हेलिकॉप्टर १९८७ मध्ये आले. त्यानंतर १९९७ मध्ये आरमॅक्स आले. ही दोन्ही यंत्रे पेट्रोल इंजिनावर चालणारी होती. आपल्या शेतात आज जे फवारणी ड्रोन उतरत आहेत ते मात्र बहुतांशी विजेवर चालतात. त्यांतील बिनब्रशची मोटार, तिचा वेगनियंत्रक, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि तोल सांभाळणारा जायरो हे चारही भाग या टेबलावरच्या लहान हेलिकॉप्टरमध्ये आहेत. आकार लहान आहे एवढेच. ड्रोन काही लाखांचा असतो, हे काही हजारांचे. हात बसवायचा असेल तर तो स्वस्त यंत्रावर बसवावा.

दुसरे कारण असे की वर्गातील चार-पाच जणांनी आपापली हेलिकॉप्टरे सोबत आणली आहेत आणि सर्वांची मागणी एकच आहे : "पॉवर वाढवून द्या." म्हणून आज मोटार व इलेक्ट्रॉनिक्स बदलण्याचा विषय घेतला आहे. पॉवर वाढवण्याआधी एक हिशेब ऐकून घ्या.

साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचा मुख्य पंखा असलेले हेलिकॉप्टर घ्या. बाजारात त्याला ४५० च्या वर्गातले म्हणतात. त्याची पाती मिनिटाला २,८०० फेरे घेतात. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला सुमारे १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. पाते समजा २८ ग्रॅमचे आहे. एवढ्या फेऱ्यांना ते मधल्या दांड्यापासून बाहेर सुटायला पाहते, ती ओढ ४५ ते ५० किलोची भरते. युरियाची एक गोणी एका बोल्टला टांगली आहे असे समजा, आणि समोरच्या पात्याला दुसरी. फेरे दहा टक्क्यांनी वाढवले तर ही ओढ एकवीस टक्क्यांनी वाढते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात एकोणीस वर्षांचा एक अनुभवी तरुण स्वतःच्याच रेडिओ हेलिकॉप्टरचे पाते लागून मरण पावला. ते यंत्र याहून मोठे होते. पण आपल्या टेबलावरचे लहान यंत्रसुद्धा बोट तोडू शकते आणि डोळा घालवू शकते. म्हणून याला खेळणे म्हणण्याची सवय इथेच सोडू या.

दोन वायरींची व तीन वायरींची मोटार

स्वस्त हेलिकॉप्टरमध्ये ब्रशची मोटार असते. तिला दोन वायरी. आत फिरणाऱ्या भागावर तांब्याची वेटोळी, बाहेर चुंबक, आणि वीज आत पोचवायला कार्बनचे किंवा धातूचे लहान ब्रश. ब्रश आणि कम्युटेटर एकमेकांवर घासतात, ठिणग्या पडतात, दोन्ही झिजतात. अशी लहान मोटार बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मी ते दोन तृतीयांशच कामाला लावते. बाकीची उष्णता होऊन जाते. शेपटीकडची चिमुकली मोटार तर सतत जोरात फिरत असते, त्यामुळे ती सर्वांत आधी संपते.

बिनब्रशच्या मोटारीला तीन वायरी असतात. हे ऐकल्यावर आपल्याला विहिरीवरची मोटार आठवली पाहिजे. तांब्याची वेटोळी स्थिर आणि चुंबक फिरता, घासणारे काही नाही. झिजतात ती फक्त बेअरिंगे. योग्य निवडलेली मोटार पाऊण ते ऐंशी टक्के वीज कामाला लावते. तिची वागणूकही आपल्या ओळखीची आहे. विहिरीवरची तीन फेजची मोटार उलट फिरली तर आपण काय करतो? दोन वायरींची अदलाबदल. इथेही नेमके तेच. कोणत्याही दोन वायरी बदलल्या की मोटार उलट फिरते. तीनपैकी एका वायरीचा सांधा सैल झाला तर ती नीट सुरू होत नाही, थरथरते, गुरगुरते आणि तापते. विहिरीवर एक फेज गेल्यावर जे होते त्याचीच ही लहान आवृत्ती. अशा वेळी रेडिओची दांडी आणखी पुढे रेटू नये. बॅटरी काढावी, तिन्ही सांधे तपासावेत.

फरक एकच, पण मोठा आहे. विहिरीवर तीन फेज महावितरणच्या तारेतून येतात. इथे बॅटरीची वीज एकदिश असते, तिच्यातून तीन फेजसारखा पुरवठा वेगनियंत्रक तयार करतो. म्हणूनच दोन वायरींच्या मोटारीच्या जागी तीन वायरींची मोटार नुसती बसवून भागत नाही. जुना नियंत्रक तिला चालवूच शकत नाही.

पिनियन, पुली आणि के.व्ही.

बिनब्रशच्या मोटारीवर एक आकडा असतो, त्याला के.व्ही. म्हणतात. उपकेंद्रावर ३३ के.व्ही. लिहिलेले असते तो हा नव्हे. इथे त्याचा अर्थ, मोकळी मोटार दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते. ३,५५० के.व्ही.ची मोटार ११.१ व्होल्टच्या तीन सेलांच्या बॅटरीवर मोकळी ठेवली तर सुमारे ३९,४०० फेरे घेईल.

हा वेग पात्यांना थेट देता येत नाही. म्हणून मोटारीवर लहान पिनियन आणि मुख्य दांड्यावर मोठा गिअर. मळणी यंत्राला किंवा पिठाच्या गिरणीला लहान-मोठी पुली लावतो तोच हिशेब. पिनियनला १३ आणि मोठ्या गिअरला १५० दाते असतील तर वेग साडेअकरा पटीने उतरतो, म्हणजे ३,४०० च्या आसपास. भार आल्यावर मोटार थोडी दबते, ८०-८५ टक्के धरले तर २,७५० ते २,९०० फेरे मिळतात. पहिल्यांदा सांगितलेला आकडा येथून आला.

आता कोणी म्हणेल, एक दात वाढवून १४ चा पिनियन लावू. वेग सुमारे पावणेआठ टक्के वाढेल. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंपाचेही असेच आहे, पंपाची पुली बदलून वेग वाढवला की पाणी थोडे वाढते आणि इंजिन मात्र धापा टाकू लागते. पात्यांचा कोन तोच ठेवला तर या एका दातापायी मोटारीवरचा भार पंचवीस टक्क्यांनी वाढतो. दोन सेलांच्या जागी तीन सेलांची बॅटरी घालणाऱ्यांनी तर हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा. व्होल्टेज दीडपट झाले. मोटारीला दीडपट वेग गाठता आला तर प्रवाह सव्वादोन पट आणि शक्ती जवळजवळ साडेतीन पट लागेल. जी मोटार तो वेग गाठू शकत नाही ती उरलेल्या शक्तीची उष्णता करते. ब्रशची मोटार अशा वेळी एका-दोन उड्डाणांत जळते. बिनब्रशची थोडी तग धरते, पण तिचे चुंबक साधारण प्रतीच्या निओडिमियमचे असतात, आणि ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यांचा जोर कायमचा कमी होऊ लागतो. मोटार फिरत राहते, पूर्वीइतकी उचलत नाही, प्रवाह जास्त घेते, आणि मालक बॅटरीला दोष देत बसतो.

सोपी परीक्षा अशी. तीन मिनिटे उडवून उतरवावे, बॅटरी सोडवावी, पाती थांबल्यावर मोटारीवर बोट ठेवावे. पाच अंक मोजेपर्यंत बोट ठेवता आले तर ठीक. चटका बसून लगेच उचलावे लागले तर एक दात कमी करावा.

वेगनियंत्रक

दुकानदार याला ई.एस.सी. म्हणतो. त्यावर लिहिलेले अँपिअर सतत सोसण्याचे आहेत की काही सेकंदांपुरते, हे विचारून घ्यावे. काही स्वस्त नियंत्रकांवर मोठा आकडा छापतात तो दहा सेकंदांचा असतो. मोटार सतत २५ अँपिअर घेत असेल तर नियंत्रक ३५ चा घ्यावा. स्टार्टर आणि केबल घेताना आपण असाच थोडा जादा हिशेब धरतो.

जुन्या लहान हेलिकॉप्टरमध्ये एक गोम आहे. त्यांत रेडिओचा ग्राहक, जायरो, दोन मोटारींचे मिश्रण करणारे सर्किट आणि दोन्ही मोटारींचे नियंत्रक एकाच पेटीत असतात. त्याला फोर-इन-वन म्हणतात. या पेटीतून मोटारीकडे जाणाऱ्या दोन वायरींत थेट तुकड्या-तुकड्यांनी तोडलेली वीज असते. बिनब्रशच्या नियंत्रकाला मात्र एक ते दोन मिलिसेकंदाचा, सेकंदाला पन्नास वेळा येणारा इशारा हवा असतो. म्हणून त्या दोन वायरी नवीन नियंत्रकाला जोडून उपयोग होत नाही. पेटीच काढून ग्राहक, जायरो, मुख्य मोटारीचा नियंत्रक आणि शेपटीच्या मोटारीचा नियंत्रक असे चार भाग वेगळे घ्यावे लागतात. वर्गातील ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी खर्चाचा कागद येथूनच सुरू करावा.

नियंत्रकाचे आणखी एक काम असते, ते सहसा कोणी विचारात घेत नाही. बॅटरीच्या ११ व्होल्टमधून ग्राहक, जायरो आणि सर्व्हो यांना पाच व्होल्ट पुरवायचे. हा भाग साध्या प्रकारचा असेल तर जादाचे सहा व्होल्ट उष्णता करून टाकतो. तीन सर्व्हो पात्यांच्या कोनासाठी आणि एक शेपटीसाठी, मिळून दोन अँपिअर घेऊ लागले तर बारा वॅट उष्णता त्या नखाएवढ्या भागात होते. तो तापून क्षणभर बंद पडला की रेडिओ बंद, आणि यंत्र कोणाचेही ऐकत नाही. जमिनीवरचे यंत्र बंद पडले तर उभे राहते, हे मात्र येऊन पडते, कुठे ते आपल्या हातात नाही. म्हणून तीन किंवा अधिक सेलांवर स्विचिंग प्रकारचा पुरवठा घ्यावा. दोन नियंत्रक असतील तर दोघांनी एकाच वेळी पाच व्होल्ट पुरवू नयेत. एकाच्या प्लगमधील लाल वायर काढून टेप लावून बाजूला बांधावी. शेपटीच्या काही वेगवान सर्व्होंना पाच व्होल्टच सोसतात. पुरवठा सहा व्होल्टवर ठेवायचा असेल तर सर्व्होवरची चिठ्ठी आधी वाचावी.

नियंत्रक बसवल्यावर त्याला रेडिओच्या दांडीची वरची व खालची हद्द शिकवावी लागते. ब्रेक बंद ठेवावा. हलकी सुरुवात चालू करावी, नाही तर पहिल्या झटक्यात गिअरचे दाते उडतात. बॅटरी उतरल्यावर मोटार एकदम तोडण्याऐवजी हळूहळू शक्ती कमी होईल असा पर्याय निवडावा. ही सर्व जुळणी करताना पाती काढून ठेवावीत आणि मोटारीचे स्क्रू सैल करून पिनियन मोठ्या गिअरपासून दूर सरकवावा. यात सवलत घेऊ नये. चुकीच्या जुळणीत बॅटरी लावताच मोटार पूर्ण वेगाने सुटण्याची शक्यता असते आणि तेव्हा आपले तोंड यंत्रापासून हातभर अंतरावर असते.

शेपटीचे दुखणे

विहिरीवर पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसातची मोटार बसवली आणि केबल, स्टार्टर, पाइप तेच ठेवले तर काय होते ते आपण पाहिले आहे. हेलिकॉप्टरमध्ये ती केबल म्हणजे शेपटी. मुख्य पंखा एका दिशेने फिरला की धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीचा पंखा ते रोखतो. मुख्य मोटारीचा जोर वाढला की धडाला बसणारा पीळही वाढतो, आणि आधीच काठावर चालणारी शेपटीची लहान मोटार आता रोखू शकत नाही. नाक एका बाजूला वळत राहते. मुलगा रेडिओवर विरुद्ध दांडी दाबून धरतो. दोन दिवसांत शेपटीची मोटार जळते. मग तो शेपटीची मोठी मोटार घेतो, ती जड असते, मागची बाजू खाली झुकते, म्हणून बॅटरी पुढे सरकवतो, त्यासाठी पुढे पट्टी वाढवतो. हे असे लांबत जाते.

मोठ्या यंत्रांत शेपटीला वेगळी मोटार नसते. मुख्य गिअरवरूनच पट्ट्याने किंवा दांड्याने शेपटी फिरते आणि सर्व्हो तिच्या पात्यांचा कोन बदलतो. हीच मांडणी खरी. वेगळ्या मोटारीच्या शेपटीवर पैसा घालण्याच्या मी विरुद्ध आहे.

जायरो बदलला असेल तर पहिल्या उड्डाणापूर्वी एक तपासणी करावी. मोटार बंद ठेवून यंत्र हातात धरावे आणि नाक झटकन डावीकडे वळवावे. शेपटीच्या सर्व्होने नाक उजवीकडे आणणारी हालचाल केली पाहिजे. उलट केली तर जायरोवरचे दिशेचे बटन बदलावे. उलट्या जायरोवर उडवलेले हेलिकॉप्टर जमीन सोडताच भोवऱ्यासारखे फिरते आणि जवळच्या माणसाकडे धावते.

बॅटरी

लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा मानतात. पूर्ण भरल्यावर ४.२ आणि कोणत्याही स्थितीत ३.० च्या खाली नको. बरेच दिवस ठेवायची असेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, भरून ठेवू नये. २,२०० मिलिअँपिअर-तास आणि २५ सी लिहिले असेल तर ती २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर देऊ शकते असा दावा आहे. दावा म्हणतो, कारण स्वस्त मालावर हा आकडा फुगवलेला असतो. तरंगत राहायला सरासरी १५ अँपिअर लागत असतील आणि बॅटरीचा पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा असेल तर सात मिनिटे उड्डाण मिळते. रेडिओवर सहा मिनिटांचा गजर लावावा. मोठी बॅटरी लावून वेळ दुप्पट होत नाही, कारण वाढलेले वजन उचलायला पुन्हा वीज लागते.

माझ्या मते लहान हेलिकॉप्टरमध्ये पहिली सुधारणा मोटारीची नसावीच. चांगली बॅटरी, योग्य जाडीच्या वायरी, नीट झाळलेले सांधे आणि वजनाने जुळवलेली पाती, एवढ्यावर बहुतेक यंत्रे न ओळखण्याइतकी सुधारतात. बारीक वायर आणि सैल प्लग यांत व्होल्टेज किती पडते हे लांब केबलवर पंप चालवणाऱ्याला सांगायला नको. पाती जुळवायची सोपी रीत म्हणजे दोन्ही पाती एका बोल्टात अडकवून दोन पेल्यांच्या काठांवर बोल्ट ठेवावा. जे पाते वर उचलले जाईल त्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावावा. थरथर गेली की जायरोचे निम्मे त्रास जातात.

आणि त्यानंतर मोटार? यंत्र ठरावीक कोनाच्या पात्यांचे, ब्रशच्या मोटारीचे, फोर-इन-वन पेटीचे असेल, तर मोटार, दोन नियंत्रक, ग्राहक, जायरो, बॅटरी आणि चार्जर मिळून यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक खर्च होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढ्यात बिनब्रशच्या मोटारीचे, पात्यांचा कोन बदलता येणारे, पट्ट्यावर शेपटी फिरणारे जुने पण धड यंत्र मिळते, त्यावर शिकावे. कोन बदलता येणाऱ्या यंत्राचा आणखी फायदा असा की मोटार बंद पडली तरी सरावलेला माणूस पात्यांच्या फिरण्यावर ते खाली आणू शकतो. तळहातावर मावणारी एका सेलाची खेळणी असतात त्यांना मात्र काही करू नये. मोटार जळली की तशीच दुसरी घालावी.

मोकळ्या जागेबद्दल एकच सूचना. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख आहे. तरी विमानतळाजवळची व इतर निषिद्ध क्षेत्रे त्यांनाही लागू आहेत. डिजिटल स्काय नकाशा पाहून, जत्रा, शाळा, रस्ता आणि जनावरे यांपासून दूर उडवावे.

शेवटी वर्गातून आलेले काही प्रश्न घेतो.

एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे, आमच्याकडे वीज रात्री येते, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपले तर चालेल का? चालणार नाही. ही बॅटरी भरताना कोणीतरी जागे आणि जवळ असलेच पाहिजे. प्रत्येक सेल वेगळा मोजणारा बॅलन्स चार्जर वापरावा. जुन्या निकेल बॅटरीचा चार्जर लावू नये. २,२०० ची बॅटरी २.२ अँपिअरने भरली तर साधारण तासाभरात भरते. तेव्हा वीज आल्यावर तेवढा एक तास बसावे आणि मग झोपावे. कडबा, पोती, डिझेलचा डबा यांच्याजवळ, किंवा माजघरात चार्जिंग करू नये. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावी, बाजूला कोरड्या वाळूची बादली असावी. धूर निघाला तर तो हुंगू नये, बाहेर पडावे. उडवून उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात तर गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटरीही आधी सावलीत तासभर निवू द्यावी.

बचत गटाच्या एक भगिनी विचारतात : "आमच्या फवारणी ड्रोनची एक मोटार बाकीच्यांपेक्षा गरम होते. बाजारात जास्त ताकदीची मिळते, ती बसवू का?" ताई, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर नाही असे आहे. आपल्या ड्रोनला प्रकार प्रमाणपत्र आहे ते ठरावीक मोटार, नियंत्रक, पंखा आणि बॅटरी धरून दिलेले आहे. एकच मोटार वेगळी घातली तर सहाही मोटारींचा ताळमेळ बिघडतो, आणि दहा लिटर औषधासह तो ड्रोन कोणाच्या अंगावर पडला तर विम्याचा दावा उभा राहणे कठीण. मोटार बदलायचीच झाली तर उत्पादकाची, त्याच क्रमांकाची घ्यावी. त्याआधी कारण शोधा. सहा मोटारींवर उतरल्या-उतरल्या बोट लावून पाहायची सवय आपण लावून घेतली आहे, हेच निम्मे काम झाले. आता तो पंखा काढून बघा, कडेला चीर किंवा कुरतड आहे का. मोटार दांड्यावर किंचित कलली आहे का, हे शेजारच्या मोटारीशी डोळा लावून पाहा. पंखा काढून, बॅटरी सोडवून मोटार हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेले. पुष्कळदा खते व ताम्रयुक्त औषधांचा थर आत बसून गंज चढलेला असतो. रोज काम संपल्यावर ओल्या फडक्याने मोटारी पुसल्या आणि टाकी, नळ्या, नोझल स्वच्छ पाण्याने धुतले तर हे टळते. पाण्याचा जोरदार फवारा मोटारीवर मारू नये. हे सर्व ठीक असून मोटार गरमच होत असेल तर त्या बाजूचा नियंत्रक किंवा सांधा दोषी असू शकतो. तेथे ड्रोन अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे न्यावा.

तिसरा प्रश्न फुगलेल्या बॅटरीचा. काहीजण ती टाचणीने टोचून हवा काढतात, असे येथेच एकाने सांगितले. असे कधीही करू नये, आतला लिथियमयुक्त भाग हवेशी मिळून पेट घेतो. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये आणि उडवू नये. ती फुटलेली नसेल तर मोकळ्या जागी, वाळूवर ठेवून, तीन सेलांच्या बॅटरीला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडावा आणि दूर थांबावे. बल्ब पूर्ण विझल्यावर दिवसभर तसेच राहू द्यावे. नंतर दोन्ही वायरींची टोके वेगवेगळी टेपने बंद करावीत, एकाच वेळी कापू नयेत. उकिरड्यात, विहिरीत किंवा चुलीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्या दुकानदाराला ती परत घ्यायला सांगावे, किंवा तालुक्याच्या ठिकाणी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

आता टेबलावरचे हेलिकॉप्टर उघडू. पाती काढून ठेवली आहेत. पिनियन कोणी सरकवायचा, पुढे या.